पोरगं दिवसभर खोलीत बसून काय करतंय?



या पानावर मी तुम्हाला हुमणी, डाळिंबावरचा तेल्या, माती परीक्षण किंवा ठिबकचे अनुदान असले काहीतरी सांगावे, अशी तुमची अपेक्षा असणार. तीच माझी नोकरी. शिक्षण कृषी पदविकेचे आणि काम गावोगाव फिरण्याचे. कॉम्प्युटरमधले माझ्यापेक्षा तुमच्या घरातल्या आठवीच्या पोराला जास्त कळत असेल. तरीही आज विषय तोच घेतला आहे. कारण जळोचीत एका खोलीला परवा कुलूप लागता लागता राहिले, आणि ते कुलूप आणण्यात थोडा हात माझाही होता.

जळोची तुम्हाला माहीत आहे. आता ती बारामती नगरपालिकेच्या हद्दीत आली, तरी आपल्यासाठी ती फळे-भाजीपाल्याच्या उपबाजाराची जळोचीच. पहाटे तुम्ही माल उतरवायला जाता तेव्हा रस्त्याकडेचे गाळे बंद असतात. त्यातल्या एका गाळ्याच्या वर दहा बाय बाराची खोली आहे. तिथे दोन पोरांनी सॉफ्टवेअरचा धंदा मांडला आहे. एकाच्या घरी दोन एकर ऊस आणि तीन म्हशी. दुसऱ्याचे वडील लोकांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. दोघांनीही दहावीनंतर तंत्रनिकेतनातून संगणकाची पदविका घेतली. खोलीत दोन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, एक पंखा, पाण्याचा जार आणि भिंतीवर बियाणे कंपनीचे कॅलेंडर. बाहेर बोर्डसुद्धा नाही. नावे मी मुद्दाम देत नाही, पोरांनीच नको म्हणून सांगितले.

उसवाल्या पोराचे वडील एकदा मला सोसायटीच्या दारात भेटले. म्हणाले, "साहेब, तुमचं तिथं जाणं-येणं असतं. आमचं पोरगं दिवसभर खोलीत बसून करतंय तरी काय? पावणं विचारत्यात, मुलगा काय करतो? मी काय सांगू? दुकान हाय म्हणावं तर माल दिसत न्हाय, नोकरी हाय म्हणावं तर पगार न्हाय."

प्रश्न रास्त आहे. असा बाप आज प्रत्येक गावात आहे, म्हणून त्यांचे उत्तर मी सगळ्यांनाच देतो.

फवारणीची वही

ही पोरे डाळिंब आणि द्राक्षवाल्यांसाठी मोबाईलमधली फवारणीची वही तयार करतात. कोणत्या प्लॉटवर, कोणत्या तारखेला, कोणते औषध, किती प्रमाणात मारले याची नोंद त्यात करायची. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवायचे, हे औषधाच्या लेबलवर दिलेले असते. तेवढे दिवस मोजून वही सांगते, की अमुक तारखेच्या आत माल तोडू नका.

निर्यातवाल्यांना याचे महत्त्व सांगायला नको. अपेडाने २००६ साली ग्रेपनेट सुरू केले, तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या द्राक्षाच्या बागेची नोंदणी आणि औषधांच्या अंशाची तपासणी एका साखळीत आली. तरीही २०१० साली क्लोरमेक्वॅट क्लोराईड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली. असा प्रसंग आला की पहिला प्रश्न एकच असतो: कधी, काय आणि किती मारले? कॅलेंडरवरच्या खुणा आणि दुकानदाराच्या चुरगळलेल्या चिठ्ठ्या घेऊन त्याचे उत्तर देता येत नाही.

पोरांनी पहिली वही केली ती पुस्तकात बघून. औषधांची यादी घटकांच्या नावाने. ती घेऊन आम्ही इंदापूर तालुक्यातल्या एका डाळिंबवाल्या तात्यांकडे गेलो. तात्या साठीच्या पुढचे. बांधावर बसून त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "पोरांनो, मी दुकानात जाऊन इमिडाक्लोप्रिड मागत न्हाय, डब्यावरचं नाव मागतो. ते नाव यात हाय का?"

नव्हते.

"बरं. फवारताना हातात मोजं असत्यात, मोज्यावर औषध असतं. मग टाइप कधी करायचं? रात्री करीन म्हणलं तर रात्री इसरतो. आन तिसरं म्हंजे माझ्या रानात रेंज न्हाय."

तात्यांच्या या चार शब्दांनी पोरांचे दोन महिन्यांचे काम आडवे पडले. परत येताना गाडीवर कोणी बोलले नाही. मग दीड महिना त्या खोलीतला दिवा रात्री एक-दीडपर्यंत जळत होता. नवी वही आली ती अशी: डब्यावरचे नाव नुसते बोलले तरी नोंद होते, घटक कोणता ते वही स्वतः शोधते. रेंज नसेल तर नोंद फोनमध्येच राहते आणि घरी आल्यावर पुढे जाते.

त्यातून आणखी एक काम झाले, जे आमच्या मेळाव्यांनी झाले नव्हते. एकाच घटकाची औषधे बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळतात. शेतकरी आठ दिवसांनी औषध बदलले असे समजतो, पण डबा बदललेला असतो, आतला घटक तोच. कीड त्याला सरावते आणि खर्च वाया जातो. आता तसे झाले की वही टोकते. हेच आम्ही मेळाव्यात घसा कोरडा करून सांगतो. वही ते बांधावर सांगते, आणि नेमक्या वेळी सांगते.

तर मामा, पोरगं खोलीत बसून हे करतंय. तात्यांची तक्रार ऐकून ती दुरुस्त करतंय. मोटार जळाली की रिवाइंडिंगवाला दुरुस्त करतो, तसलेच हे काम.

मंगळवार पेठेतले दुकान

"पण यात पुढे काही आहे का?" असे तुम्ही विचाराल. त्यासाठी एक खरी गोष्ट सांगतो. कॉम्प्युटरवाल्या घरांत ‘क्विक हील’ हे नाव माहीत असेल. कॉम्प्युटरला व्हायरस लागू नये म्हणून जे सॉफ्टवेअर टाकतात त्यातले हे एक, आणि ते आपल्या पुण्यातले.

ते उभे करणारे कैलास काटकर यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातले. दहावीनंतर त्यांचे शिक्षण सुटले. पुण्यात महिना ४०० रुपये पगारावर ते कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागले. १९९० च्या सुमारास १५,००० रुपये घालून त्यांनी मंगळवार पेठेत स्वतःचे दुरुस्तीचे छोटे दुकान काढले. पुढे कॉम्प्युटर आले, तसे ते कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकले. धाकटे भाऊ संजय यांना त्यांनी कॉम्प्युटरच्या शिक्षणाला घातले.

दुकानात येणाऱ्या मशीनमध्ये एकच रोग पुन्हा पुन्हा दिसू लागला. तो म्हणजे व्हायरस. त्या वेळी तो फ्लॉपीवरून एका मशीनमधून दुसऱ्यात जायचा, जसा तेल्या छाटणीच्या कात्रीवरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. संजय यांनी एकेका व्हायरसवर छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले. मोठ्या भावाची नजर दुकानदाराची. लोक दुरुस्तीचे पैसे देतात तर औषधाचेही देतील, हे त्यांनी ओळखले. ते सगळे तुकडे एकत्र करून १९९५ च्या सुमारास क्विक हील बाजारात आणले. एक भाऊ खोलीत बसून लिहायचा, दुसरा पिशवी घेऊन विकायचा. कैलास यांच्या पत्नी अनुपमा यांनी कचेरीचा कारभार सांभाळला. सॉफ्टवेअर कंपनी म्हणजे सुरुवातीला एवढेच, एक घर.

वाट सोपी नव्हती. धंदा गुंडाळावा काय, अशी वेळही आली होती. पण ते टिकले. २००७ साली कंपनीचे नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले. २०१० साली सिकोया या गुंतवणूकदार कंपनीने तीत ६० कोटी रुपये घातले. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. ३२१ रुपयांना विकलेला शेअर पहिल्याच दिवशी खाली आला. बाजार कांद्याचा असो की शेअरचा, तो कोणाचा सोयरा नाही. कंपनी मात्र उभी राहिली.

आता माझा मुद्दा नीट बघा. १९९५ ला माल बाजारात आला आणि बाहेरचे ते मोठे भांडवल आले २०१० ला. मधली पंधरा वर्षे ही कंपनी कशावर जगली? दुकानदाराने आणि गिऱ्हाइकाने मोजलेल्या पैशावर. प्रत्येक दुरुस्तीच्या दुकानातून क्विक हील निघत नाही, हे मलाही कळते. दहातली सात-आठ दुकाने बंदच पडायची. पण गिऱ्हाईक पैसे देत नसेल तर दहाच्या दहा बंद पडतील, हे नक्की.

मोठा बेत आणि छोटी गरज

काही जण म्हणतील, हे काम सरकार किंवा मोठ्या कंपन्या करतीलच की. करतात, आणि करावेच. आपल्या बारामतीतच ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाला बरोबर घेऊन उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू केला, त्याची चर्चा २०२४ पासून जगभर झाली. अभिमानाचीच गोष्ट आहे.

पण वारणेचा अनुभवही लक्षात ठेवला पाहिजे. १९९८ साली केंद्र सरकारच्या पुढाकाराने वारणा खोऱ्यातल्या सुमारे ७० गावांत कॉम्प्युटर केंद्रे निघाली. बेत मोठा होता. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी पाहिले, तेव्हा ती केंद्रे मुख्यतः उसाचे वजन, खत आणि हिशोब यांची माहिती गावातून कारखान्याला आणि कारखान्यातून गावाला पोचवायला वापरली जात होती. तेवढे काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर होते, हे त्यांनी सात गावांत करून दाखवले. शेतकऱ्याला माझा ऊस किती टन गेला, खत किती उचलले, हे हवे होते.

मोठ्यांना मोठे दिसते. तात्यांचे औषधाने माखलेले हातमोजे दिसायला बांधावर जावे लागते, आणि पहिले काम चुकले हे मान खाली घालून ऐकावे लागते. जळोचीतली पोरे तीन-चार वेळा बांधावर गेली. म्हणून ती हवीत.

आपण त्यांना काय दिले?

आता कडू बोलतो.

एका शेतकरी गटाने ही वही ६२ सभासदांसाठी घेतली. दर ठरला माणशी वर्षाला ३०० रुपये. म्हणजे एकूण १८,६०० रुपये. एका डाळिंबाच्या प्लॉटला एका हंगामात औषधाला किती जातात ते तुम्हीच मनात मोजा. हंगाम झाला, माल गेला, वहीचा उपयोग झाला असे सगळ्यांनी बैठकीत सांगितलेसुद्धा. पैसे? पुढच्या महिन्यात. मग त्याच्या पुढच्या. असे आठ महिने. "पोरं आपलीच हायेत, कुठं पळून जात्यात?" हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे.

आणि मी काय केले? सात-आठ वेळा रात्री नऊनंतर फोन लावला. "जरा एवढी लाभार्थ्यांची यादी जुळवून दे की, सकाळी वर पाठवायचीय." पोराने जेवण अर्धे टाकून करून दिले. मी दुसऱ्या दिवशी चहा पाजला आणि शाब्बास म्हणालो. पैसे द्यावेत हे माझ्या डोक्यातसुद्धा आले नाही. ट्रॅक्टरवाल्याला आपण तासाने मोजतो, जेसीबीवाल्याचा मीटर बघतो. खोलीत बसलेल्या पोराचे काम हाताला लागत नाही, म्हणून ते फुकट?

खोलीचे भाडे थांबत नाही. जिथे या नोंदी साठवल्या जातात त्या जागेचेही महिन्याला भाडे असते. शेवटी ट्रॅक्टरवाल्याच्या पोराने हिंजवडीत नोकरी बघितली, बॅग भरली. दुसरा म्हणाला, "सर, एकट्यानं नाय जमायचं. महिनाअखेर बंद करतो."

तात्यांना कळले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "आन माझ्या नोंदींचं काय?" दुसऱ्या दिवशी ते गटाच्या बैठकीत उभे राहिले. स्वतःचे ३०० रुपये टेबलावर ठेवून म्हणाले, "औषधवाल्याची उधारी ठेवली तर तो दारात येतो, म्हणून देतो. ही पोरं दारात येत न्हाईत, म्हणून बुडवायची व्हय?" गटाने निम्मे पैसे त्या आठवड्यात दिले. बाकीच्यांची तारीख लिहून घेतली आहे. बॅग पुन्हा उघडली. पण मी तुम्हाला फसवणार नाही, कुलूप तूर्त टळले आहे, कायमचे गेलेले नाही.

आता कामाचे बोलू

शेतकऱ्यांसाठी. असे कोणी पोरगे तुमच्या बांधावर आले तर "छान हाय" म्हणून वाटेला लावू नका. काय अडते ते तात्यांसारखे तोंडावर सांगा, तीच त्याची खरी मदत. दर आधी ठरवा, पावती घ्या आणि ठरल्या दिवशी पैसे द्या. त्याचबरोबर स्वतःचे हितही बघा. नोंदी तुमच्या आहेत. धंदा बंद पडला तर त्या कागदावर किंवा फाईलमध्ये परत मिळतील का, आणि त्या दुसऱ्या कोणाला देणार का, हे घेण्याआधी विचारा. फवारणीच्या वहीला तुमचा बँकेचा ओटीपी लागत नाही. मागितला तर सरळ दार दाखवा. फुकट मिळणाऱ्या ॲपलाही विचारा, बाबा, तुझे पोट कशावर चालते? आणि एक गोंधळ नको: १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी ही सातबाऱ्यावरच्या पिकाच्या नोंदीसाठी आहे. ती वेगळी, ही वही वेगळी. एक केली म्हणून दुसरी होत नाही.

ग्रामपंचायत, सोसायटी, गट आणि आमच्यासारखे अधिकारी यांच्यासाठी. काम तोंडी सांगू नका, लेखी द्या. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो, की नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. राज्याच्या २०१८ च्या नावीन्यपूर्ण स्टार्टअप धोरणाखाली निवडलेल्या नवउद्योगांना सरकारी खात्यांकडून १५ लाख रुपयांपर्यंतचे काम देण्याची योजना सुरू झाली. म्हणजे सरकारनेही मान्य केले आहे, की नव्या धंद्याला हारतुऱ्यापेक्षा कामाचा आदेश हवा. सत्काराच्या शाली खूप झाल्या. शालीने खोलीचे भाडे भागत नाही.

पोरांसाठी. उद्यम नोंदणी करून घ्या, ती ऑनलाइन आणि फुकट आहे. ती नसेल तर वरच्या कायद्याचा आधार मिळायचा नाही. पहिला महिना दाखवायला फुकट द्या, दुसऱ्या महिन्यापासून बिल फाडा. बिल मागताना लाजू नका, कृषी केंद्रवाला लाजतो का? आणि प्रोग्रॅम कसा चालतो ते एका वहीत लिहून ठेवा. उद्या दोघांतला एक आजारी पडला किंवा निघून गेला तर ६२ घरांच्या नोंदी अडकू नयेत. ही जबाबदारी तुमची.

आणि वडिलांसाठी. मामा, पाहुण्यांनी पुन्हा विचारले तर सांगा, मुलाचा दुरुस्तीचा धंदा आहे. शेतकऱ्यांच्या फवारणीच्या चुका दुरुस्त करतो, त्याचे बिल देतो. जमले तर एकदा पायऱ्या चढून वर जा. तुम्ही म्हैस घेताना पाच जणांना विचारता, तसे पोराला विचारा: महिन्याला खर्च किती, येणे किती, थकले किती? त्याला रागावण्यापेक्षा हे प्रश्न जास्त उपयोगी पडतील. वर्षभराची मुदत ठरवून द्या. मुदतीत जमले तर ठीक, नाही जमले तर नोकरी आहेच. त्यात कमीपणा नाही.

शेवटी माझे. मी त्या सात-आठ रात्रींचा हिशोब मागायला खोलीवर गेलो. पोरगं लाजलं, "सर, तुमच्याकडून काय घ्यायचं?" म्हणालं. मी खुर्चीवरून उठलो नाही. मग त्याने कागदावर आकडे मांडले आणि ९०० रुपये सांगितले. मी दिले, त्याने बिल दिले. ते बिल मी माझ्या डायरीत लावून ठेवले आहे. पुढच्या वेळी रात्री फोन लावताना ते समोर असावे म्हणून.

तुम्ही उपबाजारात माल उतरवायला याल तेव्हा गाळ्याच्या वर दिवा दिसला, तर वर जा. काय अडतंय ते सांगा. आणि काम करून घेतलंत, तर खाली उतरायच्या आधी पैसे मोजा. बघा पटतंय का.